आठवड्याला सहा तास

‘करिअर मार्गदर्शन’ हा शब्द मराठवाड्यातल्या आपल्या शहरात उच्चारला की मे-जून महिना डोळ्यांसमोर येतो. दहावीचा निकाल लागलेला आहे, औरंगपुऱ्यापासून उस्मानपुऱ्यापर्यंत क्लासवाल्यांचे फलक चढले आहेत आणि एखाद्या सभागृहात सोळा वर्षांचा मुलगा वडिलांशेजारी अवघडून बसला आहे. वडील फक्त सोबतीला आलेले असतात. ते स्वतः वाळूजच्या कारखान्यात बारा वर्षे एकाच मशीनवर उभे आहेत, त्यांचे शिक्षण कुठे तरी अर्धवट थांबले आहे, त्यांच्यापुढे आणखी पंचवीस वर्षांची नोकरी पडली आहे. त्यांचे काय करायचे, हे व्यासपीठावरून कुणी विचारत नाही. तेही विचारत नाहीत.

या मौनामागे एक मत आहे, आणि ते मत शहाण्यासुरत्या माणसांचे आहे. शिक्षणाची व कामधंद्याची आखणी हे कोवळ्या वयाचे काम; मोठ्या माणसांसाठी पोर्टल, ॲप आणि चाचण्या उभारणे म्हणजे वाहून गेलेल्या पाण्याला बांध घालणे, असे ते मत. प्राध्यापक हे बोलतात, कारखान्यांतले मनुष्यबळ अधिकारी बोलतात आणि ज्यांच्यासाठी ही साधने आहेत ते कामगारही बोलतात. माझी हयात तंत्रनिकेतनात शिकवण्यात गेली. निवृत्तीनंतर रविवारी सकाळी बजाजनगरातल्या एका छोट्या वाचनालयात मी बसतो आणि ज्यांना फॉर्म कळत नाहीत त्यांना ते वाचून दाखवतो. त्यामुळे हे मत मला वारंवार, आणि समोरासमोर, ऐकावे लागते. ते चूक आहे असे माझे म्हणणे आहे. पण आधी पूर्वपक्ष पुरता मांडला पाहिजे, कारण तो लेचापेचा नाही.

पूर्वपक्ष म्हणतो: वय ही खरी भिंत आहे. राज्यसेवेला खुल्या गटासाठी 38 आणि मागासवर्गीयांसाठी 43 ही कमाल मर्यादा, पोलीस भरतीला त्याहून पुष्कळ कमी. ‘एज बार’ झालेल्या माणसाला नकाशा देऊन काय उपयोग? दुसरे, प्रौढाची अडचण माहितीची नाहीच. ती वेळेची आणि पैशाची आहे, आणि या दोन्ही गोष्टी कोणतेही संकेतस्थळ देत नाही. तिसरे, आपल्याकडे माणूस पोर्टलवर विश्वास ठेवत नाही. तो मामाला विचारतो, गाववाल्याला विचारतो, लाइनवरच्या सुपरवायझरला विचारतो, आणि त्याचे बरेही चालते. चौथे, या साधनांच्या आडून दलालांचे फावते: एकदा मोबाइल नंबर टाकला की ‘सर, ॲडमिशन घ्यायचंय का’ असे फोन सुरू होतात.

चारही मुद्दे खरे निरीक्षण सांगतात. चारही मुद्द्यांतून काढलेला निष्कर्ष खोटा आहे.

वयापासून सुरुवात करू. भरतीची वयोमर्यादा आणि शिक्षणाची वयोमर्यादा यांची इथे सरमिसळ झाली आहे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 साली नाशिकला सुरू झाले, राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. त्या विद्यापीठाच्या प्रवेशाला कमाल वयाची अट नाही. ती नसावी यासाठीच तर ते स्थापन झाले. राहिली भरती. ज्या दारावर 38 ही पाटी आहे, त्या दाराशी जाणाऱ्याला ती पाटी चौतिसाव्या वर्षी वाचून दाखवायची, की अडतिसावे सरल्यावर? अभ्यासिकांतून वर्षानुवर्षे खुर्ची धरून बसलेले तरुण मी पाहिले आहेत. आपल्यापुढे किती प्रयत्न उरले आणि ते संपल्यावर आपली पदवी आणखी कुठे चालते, हे त्यांना कुणी मांडून दाखवलेले नसते. मर्यादा आहे म्हणून आखणी नको, हा तर्क न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्याने केला असता तर गुरुजींनी हेत्वाभास म्हणून खोडला असता. मर्यादा आहे म्हणूनच आखणी हवी.

आणि चुकीची किंमत कोण अधिक मोजतो? सोळाव्या वर्षी शाखा चुकली तर एक वर्ष जाते, वडील फी भरतात, पुढच्या जूनमध्ये मुलगा दुसरीकडे बसतो. चौतिसाव्या वर्षी अभ्यासक्रम चुकला तर फी घरखर्चातून गेलेली असते, त्यासाठी ओव्हरटाइम सोडलेला असतो, बायकोने दोन दिवाळ्या साध्या केलेल्या असतात. शिवाय पुन्हा शिकायला बसण्याचे धैर्य असते ते वेगळेच. ते एकदा गेले की बहुधा परत येत नाही. तरी राज्याने 2016 पासून कल चाचणी घेतली ती दहावीच्या मुलांची. घेतली याला माझी हरकत नाही. ज्याची चूक स्वस्त त्याला साधन आणि ज्याची चूक महाग त्याला उपदेश, ही वाटणी कोणत्या हिशेबाने न्याय्य ठरते?

ज्या शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाविद्यालय काढले, त्या शहरात तरी हा वाद नव्याने घालावा लागू नये. 1917 साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना लंडनचे शिक्षण अर्धे टाकून परतावे लागले. परतताना त्यांनी चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी मिळवली होती. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात त्यांनी प्राध्यापकी केली, पगारातून पैसे बाजूला टाकले, शाहू महाराजांची आणि एका मित्राची मदत घेतली, आणि 1920 साली, मुदत सरण्यापूर्वी, ते लंडनला पुन्हा हजर झाले. 1923 मध्ये डी.एस्सी. मिळाली तेव्हा वय बत्तीस होते. पूर्वपक्ष म्हणेल, ती प्रज्ञा असामान्य होती. होतीच. पण या हकिकतीत प्रज्ञेखेरीज तीन साध्या गोष्टी आहेत: मुदत किती हे ठाऊक होते, पैसा किती लागेल हे ठाऊक होते, आणि अर्धे झालेले शिक्षण कुठे जमा आहे हे ठाऊक होते. प्रौढाला आखणीसाठी नेमक्या याच तीन गोष्टी लागतात. त्यांतली एकही कल चाचणीत सापडत नाही. पुढे 1946 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा वर्ग सकाळच्या वेळात ठेवले, कारण नोकरी करणाऱ्याला तेवढाच वेळ मोकळा असतो. माणसाच्या वेळेला वेळापत्रक जुळवायचे, वेळापत्रकाला माणूस नव्हे, हे इतक्या आधी कळलेले होते.

आता दुसरा मुद्दा, वेळ आणि पैसा. पूर्वपक्षाचा हाच सर्वांत बळकट खांब आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

गेल्या हिवाळ्यात एक गृहस्थ वाचनालयात आले. वय चौतीस, दहावीनंतर आयटीआयचा टर्नर, आता व्हीएमसी मशीनवर ऑपरेटर. पाळी सुटल्यावर थेट आले होते. बोटांच्या पेरांत कूलंटचा वास होता. म्हणाले, “सर, पत्रव्यवहारानं बीई होतं म्हणे. आमच्या लाइनवरच्या एकानं सांगितलंय. करून टाकू का?” मी विचारले, आठवड्याला अभ्यासाला किती वेळ काढाल? ते हसले. हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. मग बोटांवर मोजून म्हणाले, “सहा तास धरा.”

सहा तास धरून पाहू. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात एक श्रेयांक म्हणजे 30 तासांचे शिक्षण. यात वर्ग, प्रात्यक्षिक, घरचा अभ्यास सगळे आले. वर्षाचे 40 श्रेयांक, म्हणजे 1200 तास. आठवड्याला सहा तास देणाऱ्याला एक श्रेयांक पाच आठवड्यांनी पडतो. एका वर्षाचा अभ्यासक्रम त्याला 200 आठवडे पुरतो: जवळजवळ चार वर्षे. बीई राहू द्या, तीन वर्षांच्या साध्या पदवीचे 120 श्रेयांक धरले तरी 600 आठवडे. साडेअकरा वर्षे! आता याला दुसरा आकडा जोडा. 2021 साली सुरू झालेल्या ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे श्रेयांक बँकेत, जमा श्रेयांक जास्तीत जास्त सात वर्षे टिकतात. म्हणजे या माणसाने एकही आठवडा न चुकवता अभ्यास केला, तरी पदवी हाती पडण्याच्या साडेचार वर्षे आधीच त्याची पहिली कमाई शिळी होऊ लागते.

हा हिशेब मी कागदाच्या पाठीवर केला. करायला चार मिनिटे लागली. यासाठी यंत्रबुद्धी लागत नाही, त्रैराशिक लागते. आणि एवढा हिशेब अर्ज भरण्यापूर्वी माणसासमोर आला तर तो काय करील? पदवीऐवजी 20 श्रेयांकांचे प्रमाणपत्र निवडील; किंवा सहाचे दहा तास कसे होतील ते घरी बसून ठरवील; किंवा निदान डोळे उघडे ठेवून साडेअकरा वर्षांची वाट पत्करील. साधन वेळ देत नाही, हे कबूल. तराजू तरी धान्य कुठे देतो? म्हणून वाण्याने तो फेकून द्यावा काय? ज्याच्यापाशी वेळ थोडा, त्यालाच तो मोजून खर्च करावा लागतो. पूर्वपक्षाचा हा खांब उभा आहे खरा, पण तो आमच्या छपराला टेकू देतो आहे.

तिसरा मुद्दा मामाचा. मामाविषयी मला आदर आहे; अर्ध्या मराठवाड्याला नोकऱ्या मामांनी लावल्या. पण ज्याला कचेरीत मामा नाही त्याचे काय? 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, आणि उच्च शिक्षण म्हटले की विद्यापीठ हैदराबादचे. 1950 साली बाबासाहेबांनी इथे महाविद्यालय सुरू केले, तेव्हा त्यात येणाऱ्या पहिल्या पिढीच्या घरांत कॉलेज पाहिलेला माणूस शोधून सापडला नसता. त्यांना कोण सांगणार होते? त्या महाविद्यालयाला नाव मिळाले मिलिंद, परिसराला नागसेनवन. मिलिंद हा प्रश्न विचारणारा यवन राजा, नागसेन हा उत्तर देणारा भिक्खू. विचारणाऱ्याचे नाव आधी घ्यावे असे ज्या शहरातल्या एका संस्थेला वाटले, त्या शहरात मोठ्या माणसाने विचारायला लाजावे? आणि राजा मिलिंद काही सोळा वर्षांचा नव्हता.

शिवाय मामा चुकतो. चुकला तर त्याच्यावर दावा लावता येत नाही. ‘पत्रव्यवहारानं बीई’ हे वाक्यच घ्या. तंत्रशिक्षणाच्या पदव्या दूरस्थ पद्धतीने देण्याची आवश्यक परवानगी नसताना काही अभिमत विद्यापीठांनी त्या खुशाल वाटल्या. नोव्हेंबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 2001 ते 2005 या सत्रांत प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित केल्या. त्यांना अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या (एआयसीटीई) परीक्षेला बसून त्या वाचवण्याची संधी दिली. नंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या रद्द ठरल्या. ही माणसे मूर्ख नव्हती. बहुतेकांना कुणा तरी विश्वासाच्या माणसाने सांगितले असणार. निकालाला इतकी वर्षे झाली तरी वाळूजच्या एका लाइनवर तेच वाक्य तितक्याच विश्वासाने सांगितले जाते. तोंडी माहितीला तारीख नसते, हा तिचा दोष आहे. पोर्टलवरच्या माहितीला तारीख मागता येते.

आणि जी वाट खरोखर आहे ती मामाला ठाऊक नसते. दोन वर्षांचा आयटीआय झालेल्याला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. पदविका झालेल्याला अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेत अभियांत्रिकीचे वर्ग चालवायला एआयसीटीईने अलीकडे काही महाविद्यालयांना मान्यता दिली आहे. दहावीनंतर आयटीआय केलेल्याला भाषा विषयांची परीक्षा देऊन बारावीची समकक्षता मिळवता येते. शाळा सुटलेल्याला 17 नंबरचा फॉर्म भरून खाजगीरीत्या बोर्डाला बसता येते. एवढ्या पायऱ्या या जिन्याला आहेत. पण प्रत्येक पायरी वेगळ्या खात्याने बांधली आणि एकाही खात्याने जिना पुरता पाहिलेला नाही. त्या सगळ्या एका पडद्यावर, मराठीत, ओळीने दिसल्या पाहिजेत एवढीच मागणी आहे. ही चैन आहे का?

बाजार बदलतो, पोर्टलचे भाकीत खोटे ठरते, अशी एक तक्रार अधूनमधून येते. बिडकीनला उद्या कोणता कारखाना कोणत्या पदासाठी माणसे मागेल ते पोर्टलला कळणार नाही, हे खरे. ज्योतिष्यालाही कळणार नाही. आम्ही भाकीत मागतच नाही, हिशेब मागतो.

चौथा मुद्दा दलालांचा. ‘मोफत समुपदेशन’ म्हणणाऱ्या अनेक खाजगी जागा प्रत्यक्षात प्रवेश विकतात, हे मी स्वतः पाहिले आहे. पण या अनुभवातून निष्कर्ष कोणता निघतो? फ्रान्सने 2015 साली प्रत्येक कामगाराच्या नावे शिक्षणखाते काढले आणि 2019 मध्ये त्याचे ॲप आणले. झाले काय, तर खात्यातले पैसे काढून घेण्यासाठी भामट्यांचे फोन सुरू झाले, देश हैराण झाला. मग फ्रान्सने खाती बंद केली? नाही. 2022 च्या अखेरीस कायदा करून ते फोनच बेकायदा ठरवले. सिंगापूरनेही 2016 पासून 25 वर्षे व त्यावरील नागरिकांना शिक्षणासाठी 500 सिंगापुरी डॉलरचे खाते दिले, आणि पुढे चाळिशी ओलांडलेल्यांसाठी त्यात मोठी भर घातली. तिथल्या सरकारला चाळिशीचा माणूस वाहून गेलेले पाणी वाटला नाही. आपल्याकडेही विद्यापीठ अनुदान आयोग बोगस विद्यापीठांची यादी जाहीर करतो, दूरस्थ शिक्षणाची मान्यता सत्रागणिक देतो. ही यादी आणि प्रवेशाचे बटण एका पानावर यावे. दलाल अंधारात जगतो म्हणून दिवाच नको म्हणणारा माणूस दलालाचा वकील ठरतो, त्याच्या मनात नसले तरी.

इथवर मी प्रतिपक्षाशी भांडलो. आता स्वपक्षाचे थोडे. नॅशनल करिअर सर्व्हिस हे पोर्टल 2015 पासून आहे, ‘स्वयम्’ 2017 पासून, स्किल इंडिया डिजिटल हब 2023 पासून, राज्याचे ‘महास्वयम्’ आहेच. जुन्या सेवायोजन कार्यालयाबाहेर कार्ड नूतनीकरणाच्या रांगेत उभे राहिलेल्यांना यांचे मोल कळेल. पण ही सगळी मांडणी कुणाला डोळ्यांसमोर ठेवून झाली आहे? आवडी विचारणाऱ्या आजच्या अनेक प्रश्नावल्या जॉन हॉलंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या 1959 च्या मांडणीवर उभ्या आहेत. ‘तुम्हाला यंत्रे दुरुस्त करायला आवडते का’ असे ते प्रश्न असतात. बारा वर्षे यंत्रावर उभ्या असलेल्या माणसाला हा प्रश्न विचारणे म्हणजे आचाऱ्याला भूक लागते का विचारणे. प्रौढाची पहिली गाठ आवडीपाशी बसत नाही. ती भलत्याच ठिकाणी बसते.

एक बाई तीन रविवार येत होत्या. लग्नाआधी दहावी झालेल्या, आता मुलगी नववीत, म्हणून बारावी पुरी करायची होती. एका संकेतस्थळावर नोंदणी करायला गेल्या. गुणपत्रिकेवर वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव, आधार कार्डावर नवऱ्याचे नाव आणि सासरचे आडनाव. पडद्यावर लाल अक्षरे: नाव जुळत नाही. पुन्हा भरले, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा यंत्राने त्यांना बाहेर काढले. त्या मला म्हणाल्या, “सर, मी मीच आहे हे याला कसं सांगू?” राजपत्रात नाव बदलून घ्यायचे असते, हे त्यांना त्या लाल अक्षरांशेजारी कुणी लिहून दिले असते तर तीन रविवार वाचले असते. महाराष्ट्रात लग्न झालेल्या बाईचे नाव बदलते, ही बातमी संकेतस्थळ बांधणाऱ्यांपर्यंत पोचली नव्हती काय? सोळा वर्षांच्या मुलीचे नाव जुळते. साधन तिच्या मापाने शिवले होते. तसेच श्रेयांक बँकेचे: 2021 च्या आधी कमावलेले तिथे धरले जात नाही, म्हणजे ज्याचे शिक्षण जुने, अर्धवट आणि म्हणून सर्वांत मोलाचे, त्याचे खाते रिकामे.

पूर्वपक्ष इथे टाळी वाजवील: बघा, आम्ही म्हणत होतो, मोठ्यांना हे जमत नाही! थांबा. अंगरखा बसला नाही तर दोष अंगाला द्यायचा की शिंप्याला? प्रौढ ही साधने वापरत नाही, यावरून त्याला ती नको आहेत असे ठरवणे म्हणजे शिंप्याची चूक अंगाच्या माथी मारणे. निवाडा वाचकांनी करावा. पुरावा मी मांडला आहे. त्यात आणखी एकाच कागदाची भर आहे.

व्हीएमसीवाले गृहस्थ पंधरा दिवसांनी परत आले. बीईचा नाद त्यांनी सोडला होता. आधी पदविकेचे थेट दुसरे वर्ष बघायचे ठरले होते. हातात कारखान्याच्या जुन्या जॉब कार्डाची पाठ. त्यावर कोणत्या पाळीच्या आठवड्यात अभ्यासाला किती वेळ मिळतो याच्या तीन ओळी: पहिली पाळी आठ तास, दुसरी पाळी सहा तास, तिसरी पाळी तीन तास. रात्रपाळीत दिवसा झोप लागत नाही, म्हणून तीनच. तीन आठवड्यांत एकूण सतरा. “सर, सहा नाही भरत. पाच आणि वर थोडे येतात,” ते ओशाळून म्हणाले. मग मोबाइल पुढे केला. त्यावर नोंदणीचा फॉर्म उघडा होता: नाव, जन्मतारीख, जात, प्रवर्ग, शेवटची परीक्षा, आवडते क्षेत्र.

“हे सतरा कुठं भरू?”

मी पान वरपासून खालपर्यंत दोनदा सरकवून पाहिले. रकाना नव्हता.